जाळीतून दिसलेलं शहादा

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यात एकच घर पूर्ण आपल्या मनासारखं काढलं, आणि ते पुरं झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. साठच्या दशकातली गोष्ट. अण्णा नुकते आर्किटेक्ट झाले होते. शहाद्याच्या शांतिलालशेठ नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्यानं त्यांना घर बांधायला बोलावून घेतलं. भिंती उभ्या राहिल्या, जिन्याचं काम सुरू झालं आणि अण्णांना मलेरियानं गाठलं. ते शेठजींच्या घरीच पडून होते. ताप उतरला तरी उभं राहायची ताकद नव्हती, तेव्हा आजोबा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेले. पुढे सरकारी नोकरी लागली. वसाहती, दवाखाने, गोदामं यांचे नकाशे काढण्यात सगळी वर्षं गेली आणि शहाद्याला जायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

मागच्या वर्षी थंडीत एका दुपारी फोन आला. बोलणारा शांतिलालशेठचा नातू होता, अंकित. पुण्यातल्या आपल्या कॉलेजच्या मित्राला कामाला लावून त्यानं आमचा शोध काढला होता. जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं आहे, असं त्यानं सांगितलं. पण ज्यांनी घर काढलं ते हयात असतील तर त्यांनी एकदा येऊन बघावं, तोवर एका विटेलाही हात लावायचा नाही, असा त्याच्या वडिलांचा हट्ट होता.

अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिकडे सकाळी थंडी असेल. माझा स्वेटर काढ."

माझ्या मनात मात्र वेगळाच बेत होता. हल्ली त्या काळातल्या घरांना आणि फर्निचरला पुन्हा दिवस आले आहेत. तिरप्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पायांच्या खुर्च्या, सपाट छपरं, लांबच लांब खिडक्या, मोझेकच्या फरश्या, सिमेंटच्या जाळ्या. बाणेरला राहणाऱ्या माझ्या भाचीनं तिचा अख्खा फ्लॅट तसा सजवून घेतला आहे. तिच्या तोंडी सारखा 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' हा शब्द असतो, आणि तिला खुळं करणारं असलं घर आपल्या आजोबांनी खरोखरच्या त्या काळात बांधलं होतं, हे ऐकून ती मला म्हणाली होती, "मावशी, काहीही कर, पण ते पाडू देऊ नकोस." अशी घरं कशी जपावीत यावरचे पाच-सात लेख तिनं मला छापून दिले. ते मी बॅगेत घातले. मी बँकेत होते. समोरच्याला पटवायचं काम मी तीस वर्षं केलं आहे. या घरच्यांनाही पटवू, असं मला वाटत होतं.

नंदुरबार

अंकित स्वतः गाडी घेऊन आम्हाला न्यायला स्टेशनवर आला होता. चाळिशीचा, हसरा, खताबियाण्यांचं दुकान चालवणारा माणूस. गावाबाहेर पडताच डाव्या हाताला जमीन लाल दिसायला लागली. मिरचीच्या पथाऱ्या होत्या त्या. मैदानंच्या मैदानं मिरची वाळत घातलेली, आणि बायका तोंडाला फडकी बांधून तिच्यात फिरत होत्या. मी जन्मात एवढा लाल रंग एका जागी पाहिला नव्हता. फोटो काढायला म्हणून आम्ही उतरलो, ती चूक झाली. अण्णांना शिंका सुरू झाल्या. एक, दुसरी, आणि तिसरीला त्यांची वरची कवळी सुटून समोरच्या मिरचीत पडली.

जवळच्या बाईनं ती उचलून दिली. तिच्या फडक्यामागचं हसू डोळ्यांत दिसत होतं. अंकितनं पाण्याची अख्खी बाटली रिकामी करून कवळी धुतली. तरीही पुढचा तासभर अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "खान्देशानं ओळखलं मला," म्हणाले.

प्रकाशा गावाच्या पुलावरून तापी ओलांडली. ऊन पाण्यावर पसरलं होतं, काठाच्या देवळांकडे बघून अंकितनं हात जोडले. अण्णा जागे झाल्यासारखे बोलायला लागले. घराला वाळू गोमाई नदीची वापरली होती, ती चाळून आणि धुऊन घ्यावी लागे. पाच मजुरांतले दोघं फक्त धुण्याच्या कामावर असत. हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या घरी अण्णांनी शहाद्याचं नाव क्वचितच काढलं होतं.

शहादा

गाडी एका गजबजलेल्या रस्त्यावर थांबली. मोबाइलची दुकानं, औषधफवारणीच्या पंपांच्या पाट्या, ज्यूसचे गाडे. दोन उंच इमारतींच्या मधोमध ते घर होतं. दुमजली, आडवं, गुलाबी रंग दिलेलं, वर पत्र्याची शेड चढवलेली. पण त्या सगळ्याखालून मूळची रेघ दिसत होती. पोर्च दोन तिरप्या खांबांवर तोललेला. वरच्या मजल्याच्या अर्ध्या भिंतीच्या जागी सिमेंटची जाळी. एकेक ठोकळा दोन पानं एकमेकांवर टेकवल्यासारखा, आणि असे शेकडो.

अण्णा गाडीतून उतरले नाहीत. अंकितनं दार उघडून धरलं होतं. मग अण्णांनी काठी मागितली.

दारात अंकितची आई उभी होती, कमलाबाई. पासष्टी ओलांडलेल्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर. त्यांनी अण्णांना कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "या काकाजी, बठा. घर तुमनंच शे." मारवाडी घरातल्या बाईच्या तोंडून इतकी सहज अहिराणी ऐकून मला गंमत वाटली. मागून त्यांचे यजमान प्रकाशशेठ आले. घर बांधलं तेव्हा ते शाळेत होते. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं बोलतात. त्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "इंजिनियरसाहेब, ताप उतरला का?"

साठ वर्षांनी हा प्रश्न.

बैठकीत प्रकाशशेठच्या आईचा फोटो होता. आजारपणात तिनंच अण्णांचं सगळं केलं होतं. जातीबाहेरचा, परगावचा पोरगा, पण स्वयंपाकघराला लागून असलेली खोली त्याला दिली. त्याची आई लांब आहे, त्याला रात्री एकटं ठेवायचं नाही, असं ती घरात सगळ्यांना बजावत असे, हे प्रकाशशेठनी सांगितलं. अण्णा फोटोपाशी गेले. वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी काठी भिंतीला टेकवून फोटोच्या चौकटीला कपाळ लावलं.

जेवायला दालबाटी, गट्ट्याची भाजी, आणि आमच्यासाठी मुद्दाम कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. कांदा नाही, लसूण नाही, तरी चवीत काही कमी नाही. जेवण होत आलं की यजमानानं पाहुण्याच्या तोंडात आपल्या हातानं गोड घास घालायचा, त्याला मनवार म्हणतात. पाहुणा नको म्हणणार, यजमान ऐकणार नाही. आमच्याकडे 'अजून वाढू का' हा प्रश्न वाटी झाकता झाकता विचारतात. अण्णांना चार जणांनी लापशीचे चार घास भरवले. मिरचीनं हुळहुळलेल्या तोंडाला ती लापशी बरी वाटली असावी, कारण पाचवा त्यांनी स्वतः मागितला.

दुपारी विश्रांती झाल्यावर घर बघायला निघालो. मी तर हरखूनच गेले. जिन्याच्या सागवानी पायऱ्या भिंतीतून बाहेर आल्यासारख्या, खाली आधार दिसत नाही. फरशी राखाडी-हिरव्या खड्यांची, मधून पितळी पट्ट्या. भिंतीतच बसवलेलं रेडिओचं कपाट. मी मनातल्या मनात माझी भाषणं जुळवायला लागले.

पण अण्णा दर्शनी बैठकीत जाऊन बसले होते ते उठेनात. त्या खोलीची पश्चिमेची भिंत म्हणजे मूळची एक सलग काचेची खिडकी. आता तिचा अर्धा भाग विटांनी बुजवला होता आणि उरलेल्या काचांना निळा रंग फासला होता. ऊन कलायला लागलं. निळा उजेड फरशीवरून सरकत सरकत समोरच्या भिंतीवर चढला, आणि जानेवारीतसुद्धा खोली तापली. अण्णा ते सगळं बघत होते.

"उन्हाळ्यात कसं करता?" त्यांनी विचारलं.

कमलाबाईंनी अंकितकडे पाहिलं.

"खरं सांगा," अण्णा म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून नको."

"राग नका मानज्यात काकाजी," कमलाबाई म्हणाल्या. "उन्हाळामा आठे कोनी बसत नही. आठे पापड ठेवा, तं ईस्तव नको लागे."

विस्तवाशिवाय पापड भाजेल एवढी खोली तापते, म्हणे. मग एकेक निघत गेलं. लग्न होऊन आल्यापासून उन्हाळ्याचे चार महिने ही खोली बंदच. आधी पडदे लावले, मग ओली पोती, मग काचांना रंग, शेवटी विटा. वरचा स्लॅब इतका तापायचा की पहिल्याच वर्षी शेठजींनी त्याच्यावर खारी माती टाकून घेतली, इथल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपरांच्या घरांवर टाकतात तशी. पुढे पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला, मग पत्रे आले. सांगताना त्या मधूनमधून थांबत, अण्णांच्या चेहऱ्याचा अंदाज घेत आणि पुन्हा सुरू करत.

अण्णांना वाईट वाटलं असणार. पण ते म्हणाले, "मी पौषात इथे आलो आणि होळीच्या आधी परत गेलो. मी खान्देशचा उन्हाळा पाहिलाच नव्हता." आणि थोड्या वेळानं, "माती टाकलीत हे फार चांगलं केलंत."

तेव्हा कमलाबाई उठल्या. "आता वर चला," म्हणाल्या. "तुमाले मन्ही जागा दाखाडस."

जिना चढायला अण्णांना वेळ लागला. वर जाळीच्या मागे एक अरुंद व्हरांडा आहे, तिथे एक पाट मांडलेला होता. कमलाबाई त्या पाटावर बसल्या आणि बोलू लागल्या. आता त्यांचं बोलणं अहिराणीतून मराठीत, मराठीतून मारवाडीत असं वाहत होतं, ते सगळं मी माझ्या शब्दांत सांगते.

त्या मारवाडातल्या एका लहान गावातून सतराव्या वर्षी लग्न करून इथे आल्या. घरात घुंघट. सासरे, दीर बसलेले असताना बैठकीत जायचं नाही, रस्त्यावर तर नाहीच. त्यांच्या दोन बहिणी खान्देशातच दिलेल्या होत्या. त्यांच्या घरांना उंच भिंती आणि मधे चौक, वर बघितलं तर आभाळाचा चौकोन. इथे मात्र ही जाळी होती. आतून सगळा रस्ता दिसतो आणि बाहेरून काही दिसत नाही. सासूनं एक दिवस पाहिलं की सून कपडे वाळत घालायला जाते आणि परत येत नाही. ती रागावली नाही. तिनंच हा पाट आणून ठेवला.

इथे बसून त्यांनी कापसाच्या गाड्या मोजल्या, बाजाराला डोंगरातून उतरलेल्या पावरा आदिवासी बायकांच्या चांदीच्या साखळ्या बघितल्या, गणपतीच्या मिरवणुका, मतमोजणीचा गुलाल, कोणाच्या तरी नव्या ट्रॅक्टरची पूजा. अहिराणी त्या इथेच शिकल्या. खाली भाजीवाली आणि शेजारीण भांडायच्या, ते ऐकून ऐकून. सायकलवरून हायस्कूलला जाणाऱ्या मुली इथूनच दिसायच्या. स्वतःची मुलगी झाली तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं की हिला सायकल घ्यायची. ती मुलगी आज सुरतेला डॉक्टर आहे.

"हाई जाळी नसती," कमलाबाई म्हणाल्या, "तं मी शहादं देखंच नसतं."

अण्णांनी जाळीवर हात ठेवला. म्हणाले, "मी ती वाऱ्यासाठी लावली होती. आणि खरं सांगायचं तर तेव्हा सगळेच लावत होते, म्हणून."

"पन लावी ना तुमी," त्या म्हणाल्या.

आम्ही तिथे उजेड जाईपर्यंत बसलो. खाली पाणीपुरीवाल्यानं दिवा लावला. जाळीच्या पानापानांतून त्याचा उजेड आत आला आणि आमच्या अंगावर नक्षी पडली. ज्या माणसाला मी नकाशांवर वाकलेला, थोडा अबोल असाच ओळखत आले, तो एका परक्या बाईच्या पाटाशेजारी खुर्चीत बसून रस्त्यावरच्या भांडणाला हसत होता. मला त्या घराचे फार उपकार वाटले.

म्हसावदच्या पुढे

अण्णांनी त्या घरासाठी खुर्च्याही काढल्या होत्या. शहाद्याच्याच सुताराकडून सागवानात करून घेतलेल्या, बैठक कापसाच्या सुती दोरीनं विणलेली. कापसाच्या गावात वेत कशाला, असं त्यांना वाटलं होतं. त्यांची चौकशी केली तेव्हा कळलं की सोफा आला तशा त्या पांगल्या. एक मात्र नक्की कुठे आहे ते प्रकाशशेठना माहीत होतं. कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला असलेल्या एका पावरा माणसाला ती दिली होती. तो आता नाही, पण त्याचा मुलगा गुलाबसिंग अंकितच्या दुकानात बियाणं न्यायला येतो.

माझ्या भाचीला असली एक खुर्ची मिळाली तर ती नाचली असती. विचारून बघू, बदल्यात दुसरी चांगली देऊ, असा विचार मी केला होता. अंकितलाही तसं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. केळी, पपई, शेवटच्या वेचणीला आलेला कापूस, आणि रस्ताभर उसाच्या गाड्या. म्हसावदला टायर पंक्चर झालं. ते काढेपर्यंत आम्ही बाकड्यावर बसून शेवभाजी खाल्ली. तिचा तवंग बघूनच अण्णांनी कवळी नीट दाबून बसवली. पुढे सातपुडा सुरू झाला. सागाची मोठाली पानं गळून रस्त्यावर पडली होती आणि गाडी त्यांच्यावरून जाताना पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. इकडच्या डोंगरात घरं एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. आमच्या सोसायटीत शेजारच्याचा मिक्सर सुरू झाला तरी आम्हाला कळतं. इथे हाक मारायची तर आधी श्वास भरून घ्यावा लागेल.

गुलाबसिंग रस्त्यावर येऊन थांबला होता. पन्नाशीचा, सडसडीत. घर बांबूच्या कुडाचं, वर कौलं, अंगण शेणानं सारवलेलं, आणि अंगणात उन्हाला ती खुर्ची. खुर्चीत त्याची म्हातारी आई वेस्तीबाई बसली होती.

मी आधी खुर्ची ओळखलीच नाही. हात अण्णांनी सांगितले होते तसेच, नावेच्या कडेसारखे वळलेले. पण पाय कापलेले. अण्णांच्या त्या तिरप्या, निमुळत्या पायांचा निम्म्याहून जास्त भाग गेला होता. बैठक जमिनीपासून वीतभर. विणकामही नवं होतं, अंबाडीच्या दोरीचं, मधोमध चौकटीची नक्षी काढलेलं.

वेस्तीबाई काहीतरी बोलली. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा गुलाबसिंगनं खाली बघत आम्हाला सांगितलं, "आई विचारते, तुम्ही खुर्ची परत न्यायला आलात का."

अंकितनं माझ्याकडे पाहिलंच नाही, हा त्याचा चांगुलपणा.

"नाही," अण्णा म्हणाले. "त्यांना सांगा, मी बसायला आलोय."

गुलाबसिंगनं ते पावरीत सांगितल्यावर म्हातारी हसली, आणि हात टेकून उठली. तिचे गुडघे गेलेले होते. चुलीपुढे बसायचं तर तिला जमिनीवर बसता येत नव्हतं आणि उंच खुर्चीवरून भाकरी थापता येत नव्हती, म्हणून नवऱ्यानं खुर्चीचे पाय कापून दिले होते. तेव्हापासून घरात जो कोणी आजारी असेल, जी कोणी बाळंतीण असेल, तिला ही खुर्ची चुलीजवळ मिळते. गुलाबसिंगची दोन्ही मुलं झाली तेव्हा त्याची बायको सव्वा महिना यात बसली होती.

अण्णा बसले. मी आणि अंकितनं धरून बसवलं. त्यांनी पाठ टेकली, हात त्या वळलेल्या लाकडावर ठेवले, आणि डोळे मिटून घेतले. वेस्तीबाईनं आणखी एक प्रश्न विचारला. गुलाबसिंग जरा संकोचून म्हणाला, "ती म्हणते, आधी एवढे उंच पाय का केले होते?"

"तेव्हा आम्हाला वाटायचं," अण्णा म्हणाले, "की वस्तू जमिनीवरून जितकी उचललेली दिसेल तितकी ती हलकी आणि नवी. घरं, कपाटं, खुर्च्या, सगळं आम्हाला उचलायचं होतं."

हे पावरीत कसं सांगितलं गेलं देव जाणे. पण म्हातारीनं मान डोलावली आणि भाकरी खाऊन जायला सांगितलं. ज्वारीची जाड भाकरी, उडदाची घट्ट डाळ, आमचुराची आंबट चटणी. अण्णा खुर्चीतून उठलेच नाहीत. ताट मांडीवर घेऊन तिथेच जेवले. निघताना तिनं आम्हाला आमचुराची पुरचुंडी दिली. मी तिच्या पाया पडले. माझ्या या वयात मी सहसा कोणाच्या पाया पडत नाही.

पुन्हा शहादा

परत आल्यावर अंकितनं घाबरत घाबरत नव्या घराचा नकाशा बाहेर काढला. खाली दुकानं, वर दोन मजले राहायला. कोणा कंत्राटदाराकडून काढून घेतलेला. अण्णांनी चष्मा पुसला आणि नकाशा टेबलावर पसरला. लेख अजून माझ्या बॅगेतच होते. आता बोलायची वेळ होती, पण बोलावं असं मला वाटेना. दोन दिवसांत मी जे ऐकलं होतं, त्यानंतर उन्हाळ्याचे चार महिने त्या खोलीत न बसू शकणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते की हे जपून ठेवा?

अण्णांनी पेन्सिल मागितली. पश्चिमेला त्यांनी खोल गॅलरी काढली, माणसाला खाट टाकून झोपता येईल एवढी. मोठ्या खिडक्या उत्तरेला नेल्या. जिना फिरवला. अंकित बाजूला उभा राहून एकेक प्रश्न विचारत होता, आणि तो उत्तरं ऐकून घेत होता, नुसता मान राखण्यापुरता नव्हे.

स्वयंपाकघरापाशी आल्यावर अण्णा थांबले. कंत्राटदारानं ते मागच्या बाजूला, शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लावून ठेवलं होतं.

"कमलाताई," त्यांनी हाक मारली, "तुम्हाला कुठे हवंय?"

कमलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग पुढे आल्या, नकाशावर वाकल्या, आणि रस्त्याच्या बाजूवर बोट ठेवलं. "आठे," म्हणाल्या. आणि जरा थांबून, "जाळी लावज्यात."

आता घुंघट नाही. त्या मुलीकडे सुरतेला एकट्या जातात, बँकेत जातात. तरी त्यांना जाळी हवी होती. जुनी जाळी सोडवून लावता येईल का, यावर बराच वेळ खल झाला. निम्मी फुटेल, मग साचा करून तेवढे ठोकळे नवे पाडू, असं ठरलं. साच्याचं माप अण्णांनी तिथेच, नकाशाच्या कोपऱ्यात काढून दिलं.

निघताना प्रकाशशेठ फाटकापर्यंत आले. त्यांनी अण्णांना शाल दिली. ते अण्णांचा हात थोपटत राहिले. शेवटी आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आला नसतात तर मला पाडवलं नसतं."

अण्णा म्हणाले, "पाडा. निवांत पाडा. फार उपयोगी पडलं."

पुणे

पावसाळ्याआधी घर उतरवलं. जाळी अपेक्षेपेक्षा कमी फुटली, असं अंकितनं कळवलं. मी भाचीला सगळं सांगितलं. तिला आधी राग आला. मग तिनं विचारलं, "त्या आजी खुर्चीत बसून भाकरी थापतात?"

या उन्हाळ्यात नव्या घराचा पहिला स्लॅब टाकला. नवा स्लॅब उन्हात वाळू द्यायचा नसतो, त्याच्यावर आळी करून पाणी साठवून ठेवायचं असतं. नाहीतर तडे जातात. खान्देशातला वैशाख, आणि अण्णा पुण्यात. त्यांना चैन पडेना. त्यांनी मला शहाद्याचा नंबर लावून द्यायला सांगितलं. मग रोजच संध्याकाळी मला तो लावून द्यावा लागे, आणि आता ते स्वतःच लावतात.

फोन कमलाबाई घेतात. त्या वर चढून, आळ्यांत पाणी आहे की नाही हे बघून आलेल्या असतात. अण्णा मोठ्यानं विचारतात, "पाणी मारलं का?" आणि पलीकडून उत्तर येतं, ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. "मारं काकाजी. तुमी गोळी लिधी का?"

अण्णा रक्तदाबाची गोळी कायम विसरायचे. हल्ली विसरत नाहीत. संध्याकाळी शहाद्याला उत्तर द्यायचं असतं.